आफ्रिकन आणि इंग्रजी कविता: परीक्षेच्या उत्तरात अर्थ कसा मांडावा?

नदीकाठ

पश्चिम आफ्रिकेतल्या पाच देशांत (नायजेरिया, घाना, सिएरा लिओन, लायबेरिया, गांबिया) शालेय शिक्षणाच्या शेवटी डब्ल्यूएएसएससीई (वेस्ट आफ्रिकन सीनियर स्कूल सर्टिफिकेट एक्झामिनेशन) ही परीक्षा होते. तिच्यातल्या ‘इंग्रजी साहित्य’ विषयाच्या कवितांसाठी हा धागा. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांत मुलांना मदत करताना आईवडिलांच्या हाताशी असतं ते आपलं दहावीचं रसग्रहण. ते बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडतं, पण काही ठिकाणी तेच आडवं येतं.

आधी आराखडा. पेपर १ वस्तुनिष्ठ: ५० प्रश्न, १ तास, त्यांतले ५ एका अपठित कवितेवर. पेपर ३ नाटक आणि कविता: अडीच तास, १०० गुण, चार उत्तरं. त्यांतलं एक आफ्रिकन कवितेवर आणि एक बिगर-आफ्रिकन कवितेवर. म्हणजे एका उत्तराला २५ गुण आणि साधारण ३७ मिनिटं. दोन्ही गटांत सहा-सहा कविता नेमलेल्या असतात. यादी पाच वर्षांनी बदलते, त्यामुळे खाली ज्या कविता येतील त्या आपल्या वर्षाच्या यादीत आहेत का ते आधी बघा. वाचायची रीत मात्र तीच राहते.

सर्वात जास्त गुण जातात ते कवितेची गोष्ट सांगण्यात. ‘पहिल्या कडव्यात कवी म्हणतो… दुसऱ्या कडव्यात कवी सांगतो…’ असं दोन पानं लिहिलं तरी प्रश्नाचं उत्तर सुरूच झालेलं नसतं. प्रत्येक परिच्छेदात तीन गोष्टी हव्यात: एक विधान, त्याला आधार देणारे कवितेतले दोन-चार शब्द, आणि त्या शब्दांनी नेमकं काय साधलं. तिसरी गोष्ट हमखास गळते. ‘इथे उपमा आहे, त्यामुळे कविता सुंदर झाली आहे’ या वाक्याला शून्य किंमत आहे.

उदाहरणाला नायजेरियन कवी गॅब्रिएल ओकारा यांची ‘पियानो अँड ड्रम्स’ घेऊ. तिच्यातल्या ‘मी’ला पहाटे नदीकाठी आधी रानातले ढोल ऐकू येतात, मग पियानो. २०१६ ते २०२० च्या यादीत होती. दुसऱ्या कडव्यात ढोल ऐकून काय होतं? रक्त आधी नुसतं तरंगतं, मग त्याचा लोंढा होतो, मग ते वर्षंच्या वर्षं उलथवून टाकतं. यावरचा परिच्छेद असा लिहिता येईल (परीक्षेत अर्थातच इंग्रजीत):

‘ढोलाचा परिणाम शरीरावर होतो. तरंगणं, लोंढा होणं, उलथवणं अशी क्रियापदांची चढण ओळींचा वेग वाढवत नेते, आणि लगेच कवितेतला “मी” आईच्या मांडीवरचं दूधपितं बाळ झालेला असतो. मध्ये “मला आठवतं” असं कुठेच येत नाही. त्यामुळे भूतकाळाची ओढ ही आठवण न राहता अंगात घडणारी घटना होते.’

चार वाक्यं. असे चार परिच्छेद म्हणजे उत्तर झालं.

मृण्मयी_ल

पण या कवितेची ‘थीम’ म्हणजे दोन संस्कृतींचा संघर्ष, असं सगळ्या गाइडांत दिलेलं असतं. ते लिहिलं तर चूक आहे का?

नदीकाठ

चूक नाही, पण ते उत्तराचं शीर्षक झालं. सगळ्यांच्या पेपरात तेच असतं, तेव्हा गुण त्याच्या पुढच्या वाक्यापासून सुरू होतात. संघर्ष कशातून दिसतो ते दाखवा. ढोलाच्या कडव्यांत पायवाटा, पावलं, हिरवी पानं, रानफुलं असे रोजचे शब्द आहेत. पियानो आला की कॉन्चेर्टो, डिमिन्युएन्डो, काउंटरपॉइंट, क्रेशेन्डो. हे शब्द मोठ्याने वाचताना जीभ अडते. संगीतशिक्षण नसलेल्या वाचकाला ते परके वाटतात, आणि तसंच वाटावं ही कवीची योजना आहे. अर्थ सांगायच्या आधी शब्दांनीच तो करून दाखवला.

शब्दवेध

वरच्याशी सहमत. भर घालतो, कारण याच कवितेच्या शेवटावर सर्वात जास्त चुकीची उत्तरं येतात. ‘कवी पाश्चात्त्य संस्कृती नाकारून ढोलाकडे परत जातो’ असं सर्रास लिहिलं जातं. कवितेत तसं नाही. शेवटचं कडवं चारच ओळींचं आहे आणि त्यात ‘मी’ ढोलाची लय आणि कॉन्चेर्टो या दोन्हींत भटकत राहतो. निवड होतच नाही.

‘लॉस्ट’ हा शब्द पाहा. तो दोनदा येतो. तिसऱ्या कडव्यात पियानोचा सूर स्वतःच्याच गुंत्यात हरवतो आणि एका स्वरवाक्याच्या मध्यातच, खंजिराच्या टोकावर, थांबतो. पुढच्या कडव्यात तोच शब्द ‘मी’ला लागतो, सकाळच्या धुक्यात. आधी संगीत हरवलं, आता माणूस. आणि कवितेतला नदीकाठ? पहिल्या ओळीत होता, शेवटी पुन्हा येतो. माणूस तिथेच उभा आहे, फक्त पहाटेच्या जागी धुकं आलं. शेवटाबद्दल एवढं लिहिलं तर ‘द्विधा मनःस्थिती’ हा शब्द लिहायचीही गरज उरत नाही.

अजून एक. पहिल्या कडव्यात रानातले ढोल ‘टेलिग्राफ’ करतात. आदिम लयीसाठी तारयंत्राचं क्रियापद! बोलणारा माणूस आधीच आधुनिक जगात वाढलेला आहे, हे त्या एका शब्दात कळतं.

कोरा_कागद

शीर्षकाबद्दल लिहायला हवं. बिरागो डिओप यांची ‘व्हॅनिटी’. शब्दकोशातला पहिला अर्थ ‘गर्व’ धरून पूर्ण उत्तर लिहिलं जातं: आफ्रिकन लोक गर्विष्ठ झाले, वगैरे. इथे व्हॅनिटी म्हणजे व्यर्थता. पूर्वजांच्या हाका आपण ऐकल्या नाहीत, म्हणून उद्या आपलं रडगाणंही कोणी हसल्याशिवाय ऐकणार नाही, ते वाया जाणार, असा तो अर्थ. कविता जवळजवळ पूर्ण प्रश्नांवर उभी आहे: कोण ऐकेल? कुठलं काळीज? त्या प्रश्नांना उत्तर येत नाही, आणि उत्तर न येणं हीच शिक्षा. आपल्याकडे पितरांची कल्पना असल्यामुळे मराठी मुलांना ही कविता लवकर कळते, पण उत्तरात श्राद्धपक्ष आणू नका. डिओप सेनेगलचे आहेत. त्यांच्या कवितेतले मृत हवेत, पाण्यावर, मातीत खुणा ठेवून गेलेले आहेत. तेवढंच लिहा.

मृण्मयी_ल

अलंकारांची आपली नावं आणि त्यांची नावं जुळवताना फार घोळ होतो. कोणी सविस्तर सांगेल का?

देवदार

सांगते.

उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, अनुप्रास म्हणजे अलिटरेशन. इथपर्यंत सरळ आहे. घोळ पुढे.

आपल्याकडे ‘जणू’ आलं की उत्प्रेक्षा. इंग्रजीत तिला परीक्षेपुरतं वेगळं घर नाही. ‘अॅज इफ’ आलं तरी सिमिलीच लिहायचं.

विरोधाभास आपल्याकडे एकच. इंग्रजीत दोन शब्द शेजारी येऊन भांडले तर ऑक्सिमोरॉन, पूर्ण विधानात विरोध असेल तर पॅराडॉक्स. डिलन टॉमस यांच्या ‘डू नॉट गो जेंटल’ या कवितेतली ‘आंधळं करणारी दृष्टी’ हा ऑक्सिमोरॉन. सेंघोर यांच्या ‘ब्लॅक वुमन’मध्ये स्त्री नग्न आहे आणि तरी स्वतःच्या रंगाचं वस्त्र ल्यालेली आहे, हा पॅराडॉक्स. इथे ‘म्हणून काय’ याचं उत्तर द्या. ज्या रंगाला वसाहतवाल्यांनी उणेपण मानलं, तोच तिचा पोशाख आणि तेच तिचं जीवन, असं कवी म्हणतो.

श्लेष म्हणजे पन. डिलन टॉमस यांच्या त्याच कवितेत ‘ग्रेव्ह मेन’ म्हणजे गंभीर माणसं आणि थडग्याच्या दारात उभी असलेली माणसंही.

अनुपस्थित व्यक्तीला, निर्जीव वस्तूला किंवा कल्पनेला थेट हाक मारणं याला तिकडे अपॉस्ट्रफी म्हणतात. स्वल्पविरामासारखं जे चिन्ह असतं त्याचंही नाव तेच, म्हणून मुलं गोंधळतात. आपल्या शालेय यादीत त्याला वेगळं नाव नाही, त्यामुळे ते ओळखायचंच राहून जातं.

उपमा आणि रूपक यांत गफलत झाली तर फक्त नाव चुकत नाही, अर्थही चुकतो. ग्बेमिसोला अडेओटी यांच्या ‘अँबुश’मध्ये देश हा प्रचंड देवमासा आहे, मग दात परजलेला वाघ आहे, मग मोठा ससाणा. देवमाशासारखा नाही, देवमासाच. ‘सारखा’ घातला की निसटायला फट राहते. रूपकात ती राहत नाही, आणि ती कविता निसटता न येण्याबद्दलच आहे.

शब्दवेध

फार नेटकं. एक सावधगिरी: भाषांतरित कवितांत नादाबद्दल बोलताना जपून. सेंघोर आणि डिओप फ्रेंचमध्ये लिहीत, अगोस्तिन्यो नेटो पोर्तुगीजमध्ये. मुलांसमोर जे आहे ते भाषांतर. ‘कवीने “त”चा अनुप्रास साधला’ असं लिहिलं तर तो अनुप्रास बहुधा भाषांतरकाराचा असतो. अशा कवितेत भाषांतरातही टिकणाऱ्या गोष्टींवर भर द्या: प्रतिमा, पुनरुक्ती, संबोधन, कडव्यांची मांडणी. ओकारा इंग्रजीतच लिहीत आणि नियी ओसुंडारेही इंग्रजीतच लिहितात, तिथे नादावर बेधडक लिहा.

देवदार

मान्य, पण नादावर बंदी नको. प्रश्नातच ध्वनी विचारला असेल तर समोरच्या इंग्रजी मजकुराबद्दल बोलावंच लागेल. ‘कवीने’ऐवजी ‘ओळीत’ म्हटलं की काम भागतं.

शब्दवेध

हो, हे बरोबर. ‘ओळीत’ लिहा.

पाणकळा

इंग्रजी बाजूकडे येऊ या? नादावर लिहायला हॉपकिन्स यांच्या ‘बिन्सी पॉप्लर्स’इतकी सोयीची कविता दुसरी नाही. शीर्षकाखालीच लिहिलं आहे: १८७९ मध्ये तोडलेली. ऑक्सफर्डजवळ थेम्सच्या काठी बिन्सी गाव आहे, तिथली ही झाडं.

‘फेल्ड, फेल्ड, आर ऑल फेल्ड.’ मोठ्याने म्हणा. तीन घाव. दोन जवळजवळ, मग मध्ये थोडी जागा, मग तिसरा. कुऱ्हाडीचा ताल ओळीतच आहे. ‘पुनरुक्तीमुळे दुःखावर जोर येतो’ असं लिहिणाऱ्याला काही गुण मिळतील. घाव ऐकू येतात आणि प्रत्येक घावाबरोबर एकेक झाड कमी होतं असं लिहिणाऱ्याला जास्त.

मग डोळ्याची उपमा. सृष्टी इतकी नाजूक की एक टोच लागली तरी डोळा डोळा राहत नाही. लोक इथे ‘नाजूकपणा’ लिहून थांबतात. डोळाच का? काच किंवा फूलही चाललं असतं. डोळा हा ‘बघणारा’ आहे. झाडं गेली की नंतर येणाऱ्यांना काय गेलं ते दिसणारच नाही, असं कविता पुढे म्हणतेच. तोडणारा झाडाबरोबर ते बघणारी नजरही तोडतो.

आणि शेवटी तेच तेच शब्द जागा बदलून येतात: गोड, खास, खेड्यातलं दृश्य. अंगाईसारखं. कवितेत युक्तिवाद संपला आहे, उरलंय ते फक्त नाव घेणं. माझ्या मते या कवितेतली सर्वात हृद्य जागा हीच, आणि तिच्यावर क्वचितच कोणी लिहितं.

कोरा_कागद

डिलन टॉमस यांच्या ‘डू नॉट गो जेंटल’बद्दलही थोडं. मृत्यूला मुकाट शरण जाऊ नका, असं ती म्हणते. रचनेचं नाव व्हिलानेल: १९ ओळी, पाच त्रिपदी आणि शेवटी एक चतुष्पदी. पहिली ओळ ६, १२, १८ वर परत येते. तिसरी ओळ ९, १५, १९ वर. यमकं दोनच. एवढं सांगून थांबलं तर ते पाठांतर झालं. बघण्यासारखं हे आहे की परत येणाऱ्या ओळींचं व्याकरण बदलतं. पहिल्या कडव्यात ती आज्ञा आहे. मधल्या चार कडव्यांत शहाणे, सज्जन, रानटी, गंभीर अशी माणसं आणली आहेत आणि तिथे तीच ओळ विधान होते: ती माणसं मुकाट जात नाहीत. शेवटच्या कडव्यात ‘माझ्या वडिलांनो’ म्हटल्यावर ती विनवणी होते. शब्द तेच, पण आधी उपदेश, मग दाखले, मग मुलाचं गयावया करणं. वडील कविता संपत येईपर्यंत दिसत नाहीत, म्हणून मागचं सगळं शेवटी पुन्हा वाचावंसं वाटतं.

मृण्मयी_ल

माया अँजेलो यांची ‘केज्ड बर्ड’ आफ्रिकन प्रश्नासाठी चालेल का? विषय तर गुलामगिरीचाच.

नदीकाठ

नाही चालणार. त्या अमेरिकन होत्या आणि त्यांची कविता २०२१–२०२५ च्या यादीत बिगर-आफ्रिकन गटात होती. चुकीच्या गटात लिहिलं तर उत्तर कितीही चांगलं असलं तरी जोखीम आहे. कवी कुठल्या गटात आहे हे विषयावरून ठरवू नका, यादी बघा.

याच निमित्ताने तयारीचं गणित. प्रत्येक गटात दोन प्रश्न येतात, त्यांतला एक सोडवायचा. दोन प्रश्न दोन वेगळ्या कवितांवर धरले आणि तुम्ही सहापैकी तीनच कविता तयार केल्या, तर दोन्ही प्रश्न बाहेरचे येण्याची शक्यता पाचात एक. चार केल्या तर पंधरात एक. पाच केल्या तर एक तरी प्रश्न तुमचाच. सहावी कविता दोनदा वाचून ठेवली तरी पुरे.

पाठांतर: हॉलमध्ये पुस्तक नसतं, म्हणून प्रत्येक कवितेतले ६ ते ८ तुकडे पाठ हवेत, प्रत्येकी २ ते ५ शब्दांचे. पूर्ण कडवी नकोत. लांब अवतरण जागा खातं, आणि त्यात एक शब्द चुकला की सगळ्यावर शंका येते.

पाणकळा

ओसुंडारे यांच्या ‘द लीडर अँड द लेड’ची एक गंमतशीर जागा. सिंह, तरस, जिराफ, झेब्रा, हत्ती हे सगळे पुढारीपणावर हक्क सांगतात आणि प्रत्येकाला कळपाकडून एकेक आक्षेप मिळतो. उत्तरांत ‘कवीने आफ्रिकेच्या रानातले प्राणी वापरले’ असं सरसकट येतं. पण शेवटी वनातला ज्ञानी सांगतो की पुढारी वाघासारखा कणखर हवा. वाघ आफ्रिकेत नसतो. तेव्हा ‘आफ्रिकन प्राणी’ हे विधान तिथे फसतं. ही बोधकथेची सृष्टी आहे, भूगोलाची नाही, असं लिहिलं की सुरक्षित.

झेब्र्यावरचा आक्षेप विशेष सुंदर आहे. पट्टे दुरंगी म्हणून तो दुटप्पी. दिसणं आणि स्वभाव एकाच शब्दात आणलेत. दोन-दोन ओळींची रचनाही पाहा: बहुतेक जोड्यांत पहिल्या ओळीत दावा, दुसरीत फेटाळणी. निवडणुकीच्या सभेत कोणीतरी लगेच उठून उत्तर द्यावं तशी लय आहे.

देवदार

कवीच्या चरित्राबद्दल मतभेद होतील, तरी लिहिते. नेटो अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, सेंघोर सेनेगलचे पहिले. ही माहिती उत्तरात अर्धं वाक्य असावी आणि तीही कवितेतल्या एखाद्या शब्दाला बांधलेली. सुरुवातीचा पूर्ण परिच्छेद जन्म-मृत्यू-पदव्यांवर घालवला की ३७ मिनिटांतली ६ गेली आणि हाती काही आलं नाही.

तसंच कवी आणि कवितेतला ‘मी’ वेगळे ठेवा. तिकडच्या परीक्षेत ‘पर्सोना’ हा शब्द रूढ आहे, तो वापरा. एलियट यांच्या ‘जर्नी ऑफ द मेजाय’मध्ये बोलणारा एक म्हातारा झालेला ज्योतिषी राजा आहे, बाळ येशूच्या दर्शनाला गेलेल्यांपैकी. त्याला खुणा दिसतात, पण त्यांचा अर्थ तो सांगत नाही: क्षितिजावर तीन झाडं, दारात चांदीच्या तुकड्यांसाठी फासे खेळणारे हात. वाचकाला येशूचा पुढचा क्रूस आणि त्याला पकडून देणाऱ्या यहूदाचे चांदीचे तीस तुकडे आठवतात. बोलणाऱ्याला ते माहीत असणं शक्य नाही, कारण ते अजून घडलेलंच नाही. ‘कवी सांगतो की…’ असं लिहिलं की हा सगळा फरक पुसला जातो.

मृण्मयी_ल

आणि अपठित कवितेच्या पाच प्रश्नांसाठी?

शब्दवेध

ओळ संपली म्हणून थांबू नका, पूर्णविराम येईपर्यंत वाचा. निम्मे चुकीचे अर्थ ओळीच्या टोकाला थांबल्याने होतात. मग ‘बट’, ‘येट’, ‘देन’ असा वळणाचा शब्द शोधून खूण करा. भाव विचारला असेल तर वळणानंतरचा भाव बहुधा उत्तर असतो. यमकाची रचना विचारली तर ओळींसमोर अ, ब, क लिहूनच काढा, अंदाजाने नको. आणि कानापेक्षा काळ लक्षात ठेवा: जॉन डन यांच्या ‘द गुड-मॉरो’त पहिल्या ओळीचं ‘आय’ आणि तिसरीचं ‘चाइल्डिशली’ आज जुळत नाहीत, पण सात ओळींची रचना अबअबककक अशीच आहे. पुढच्या दोन कडव्यांवर ताडून पाहिलं की खात्री होते. वस्तुनिष्ठ पेपरात दर प्रश्नाला एक मिनिटाहून थोडा जास्त वेळ आहे. कवितेला ७ मिनिटं देऊन शेक्सपियरच्या २० प्रश्नांकडे वळा.

मृण्मयी_ल

शेवटची शंका. ‘बॅट’मध्ये लॉरेन्स वटवाघळांना इतकी नावं ठेवतात, तिथे थीम काय लिहायची? ‘प्राण्यांचा तिरस्कार’ हे बरं दिसत नाही.

पाणकळा

सुरुवात बघा. फ्लॉरेन्स, पाँटे वेक्कियो पूल, संध्याकाळ, आर्नो नदीवर उडणाऱ्या पाकोळ्या. बोलणारा निवांत आहे. मग त्याच्या लक्षात येतं की त्या पाकोळ्या नाहीतच, आणि त्या क्षणी अंगावर काटा येतो. उडणारे जीव मघाशीही तेच होते. बदललं ते त्यांना दिलेलं नाव. शेवटी तो म्हणतो की चीनमध्ये वटवाघूळ सुखाचं चिन्ह आहे, माझ्यासाठी नाही. म्हणजे स्वतःची किळस ही स्वतःचीच आहे, सगळ्या जगाची नव्हे, हे त्याला ठाऊक आहे. ‘नजर आणि पूर्वग्रह’ असं लिहा, आणि आधार म्हणून पाकोळीपासून वटवाघळापर्यंतचा तो एक क्षण घ्या.